तेराव्याला मी पेटी देऊन टाकली

माझ्या बापाची पेटी मी देऊन टाकली. हार्मोनियम. तेराव्याला, भरल्या मांडवात, माझ्याच तोंडाने. कोणी मागितली नव्हती. एक शब्द बोलले आणि गेली.

ते कसं झालं ते सांगायचंय, पण आधी आबा सांगते. आबा माहीत नसतील तर एका जुन्या पेटीचं एवढं काय, असंच वाटणार.

आबा म्हणजे लीलाधर. आमचं गाव रावेरपासून नऊ किलोमीटर, चारी बाजूंनी केळी. त्या केळीतली आमची फक्त दीड एकर, बाकी सगळी दुसऱ्यांची. आबा केळीच्या टोळीत होते. टोळी म्हणजे आठ-नऊ माणसं. बागेत जायचं, घड कापायचे, खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायचे आणि ट्रक भरायचा. आता खूप ठिकाणी खोक्यांत पॅकिंग होतं, पण लांबचा माल अजूनही कित्येकदा सुट्टा जातो, आणि तसा ट्रक भरणं कोणालाही जमत नाही. खाली केळीच्या पानांची गादी, तिच्यावर घड एकमेकांत असे बसवायचे की मध्ये हात जाऊ नये, मग पुन्हा पानं, पुन्हा घड. एक थर ढिला लागला की दिल्लीला पोचेपर्यंत निम्मा माल काळा. आबा थर लावायचे. सव्वीस वर्षं. पहाटे साडेचारला घरातून निघायचे, आणि मे महिन्यात शेहेचाळीस डिग्रीत ट्रकच्या पत्र्यावर उभे राहून थर लावायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते तर त्या पत्र्याला माझा हात चिकटायचा राहिला. आबा वरून ओरडले, "सावलीत हो व डिंपू, काळी पडशील!" स्वतः कोळशासारखे झालेले.

टोळीतले चिंधाकाका आबांचे लंगोटीयार. दोघं गावच्या भजनी मंडळातही बरोबर, चिंधाकाका मृदंगावर आणि आबा पेटीवर. आबांना गाता येत नव्हतं, आवाज फाटका होता, बागेत ओरडून ओरडून गेलेला. पण कान असा होता की ड्रायव्हरने ट्रक चालू ठेवला की म्हणायचे, "चिंधा, ऐक. काळी दोन लागली." काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी, त्या सुरात इंजिन वाजतंय असं. चिंधाकाका खालून घड वर देता देता म्हणायचे, "लीला, इंजिनाच्या मायले सूर! तू घड धर आधी, खांदा गेला माहा!"

केळीचा चीक ज्यांनी हातावर घेतला नाही त्यांना नाही कळणार. कपड्यावर पडला तर तो कपडा फाटेपर्यंत डाग तसाच. हाताला लागला की आधी चिकट आणि मग काळा. आबा चार-पाचला घरी आले की मोरीच्या दगडावर बसायचे. आधी खोबरेल तेल चोळायचं, मग निरमा, मग लिंबाची फोड, मग परत तेल. अर्धा तास. आई चहा घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "लगीन शे का आज तुमनं?"

"पेटीले हात लावायचा हे," आबा म्हणायचे.

"आंगले तर कधी इतला साबण नही लागत."

तरी चीक पूर्ण जायचा नाहीच. आमच्या पेटीच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्या पांढऱ्या राहिल्याच नव्हत्या, चहासारख्या झाल्या होत्या. जिथे बोटं जास्त पडायची तिथे जास्त गडद. पंचम तर पार तपकिरी.

आई पारोळ्याची. म्हणून ती अहिराणी बोलते, आबा आमच्याकडचं बोलायचे, आणि मी जळगावला हॉस्टेलला गेल्यापासून तिसरंच काहीतरी बोलते. आबा आईला बघायला पारोळ्याला गेले त्याची गोष्ट आमच्या घरात दर पाहुण्याला सांगितली जाते. आजोबा, म्हणजे आईचे वडील, मार्केटात हमाल होते आणि भजनात पेटी वाजवायचे. आबा बघायला गेले तर फळीवर ती पेटी दिसली. "वाजवू का?" म्हणाले. आजोबांनी काढून दिली. मग काय, पोहे गार झाले, आई ट्रे धरून उभी, आणि हा नवरामुलगा खाली मान घालून अर्धा तास पेटी वाजवतोय. वर बघितलंच नाही. घरी जाऊन सांगितलं, पसंत आहे. आई अजून म्हणते, "तुना बापनी माले पसंत नही करं, पेटीले करं." आबा म्हणायचे, "दोघी एकाच घरात व्हत्या, म्या काय करू?"

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आई माहेराहून निघाली तेव्हा आजोबांनी ती पेटी बसमध्ये तिच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, ही तुनी. जावयाले वाजवू दे, पण शे तुनी. पारोळ्यापासून रावेरपर्यंत आईने ती मांडीवर आणली, दोन बस बदलून. पाय मेले होते म्हणते. मला हे सगळं पाठ होतं. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं. आणि तरी, पुढे सांगते.

मला आबांनी शिकवायला घेतलं होतं. सहा वर्षांची असताना मांडीत बसवून सा रे ग म. चौथीपर्यंत बसायचे, मग कंटाळा आला. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "राहू दे, बोटं हायेत तिची, कुठं जातात?" हितेंद्र, माझा धाकटा भाऊ, त्याला तर काहीच नको होतं, त्याला क्रिकेट. मग आबा एकटेच वाजवायचे. मोजून पाच-सहा चाली असतील, त्याच त्या. आई स्वयंपाक करायची. दर गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन, गावात कोणी वारलं की तिथे भजन, आणि रोज संध्याकाळी घरी अर्धा तास. एवढंच त्यांचं संगीत. रेडिओवर यावं, स्पर्धेत जावं असलं काही कधी मनात नाही. एकदा मी म्हटलं, "आबा, तुमचा व्हिडिओ टाकू का?" तर म्हणाले, "कायले? ऐकणारे तर घरातच हायेत."

मी जळगावला आले तेव्हा आबांनी नवीन सवय लावून घेतली. साडेसातला फोन करायचे, स्पीकरवर टाकून पेटीशेजारी ठेवायचे आणि वाजवायचे. दहा मिनिटं. मला ऐकवायला. पहिला महिना मी ऐकलं. रडले पण, घरची आठवण येऊन. नंतर काय करायचे सांगू? फोन म्युटवर टाकून मैत्रिणींशी गप्पा मारायचे. रूममधल्या मुली विचारायच्या, "अगं कॉल चालूय?" मी म्हणायचे, "आबा आहेत, वाजवतायत, चालू दे." दहा मिनिटांनी आवाज यायचा, "आलं का व ऐकू?" मी म्युट काढून म्हणायचे, "हो आबा, मस्त!" ते म्हणायचे, "आज मधला भाग थोडा वेगळा घेतला, कळलं का?" आणि मी म्हणायचे, हो, कळलं.

दीड वर्ष. रोज. एकदाही रेकॉर्ड केलं नाही. रोजच येतंय तर काय रेकॉर्ड करायचं?

फेब्रुवारीत एक दिवस दुपारी फोन आला. आबांचा नंबर होता पण बोलत चिंधाकाका होते. सरळ सांगितलं नाही त्यांनी. "बेटा, तू निघ. तुह्या बापाले बरं नई." आवाजावरूनच कळलं. जळगाव ते भुसावळ, भुसावळ ते रावेर, त्या बसमध्ये मी काय केलं मला आठवत नाही. शेजारच्या बाईने पाणी पाजलं एवढं आठवतं.

त्या दिवशी ट्रक पाऊण भरला होता. आबा वर होते. खाली बसले, पानांवर, आणि म्हणाले, चिंधा, पाणी दे. चिंधाकाका पाणी घेऊन चाकावर पाय देऊन वर चढले तोवर आबा आडवे झाले होते. मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून एकाने धरून, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. बावन्न वर्षं.

दुसऱ्या दिवशी चिंधाकाका ओट्यावर येऊन माझ्यासमोर उभे राहिले, चोरी केल्यासारखे. म्हणाले, "डिंपल, एक सांगू का, राग नको येऊ देऊ. त्याले दवाखान्यातून घरी आणलं, आन् मग आमी परत बागेत गेलो. गाडी भरली. केळी कापेल व्हती, थांबत नई. आन् त्याचा थर अर्धा ऱ्हायला व्हता. तो अर्धा सोडला असता तर लीलानं मले वरतून शिव्या देल्या असत्या."

"मग लावला का नीट?" मी विचारलं. हे मी का विचारलं देव जाणे.

"त्याच्यावानी नई लागला," काका म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

अंत्ययात्रेला मंडळ आलं. येणारच, गावात प्रत्येकाला मंडळानेच पोचवलंय. पण पेटी कोण वाजवणार? दुसरं कोणाला येतच नव्हती. बिनपेटीचं भजन सुरू केलं. उखर्डूबाबा आमचे मुख्य गाणारे, ऐंशीला टेकलेले, डोळ्यांना दिसत नाही फारसं. त्यांना इतकी वर्षं सूर आबांनी दिलेला. ते दोन ओळी म्हणायचे, सूर खाली घसरायचा, की उजवीकडे मान वळवायचे. आबा उजवीकडे असायचे ना. तिथे कोणी नाही. परत म्हणायचे, परत घसरायचा, परत मान उजवीकडे. मी दारातून बघत होते. घरात पेटी होती, फळीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. आणि मला सा रे ग म येत होतं. सूर तर देता आला असता ना मला? नुसता सा धरून उभी राहिले असते तरी चाललं असतं. सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी माझी बोटं उचलली असती का, माहीत नाही.

त्याच्यानंतर ते तेरा दिवस. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे. दिवसभर माणसं येतात, बसतात, तेच विचारतात, कसं झालं, अचानक का, आधी काही त्रास होता का. आई कोपऱ्यात, डोक्यावर पदर, भिंतीला टेकून. तिला कोणी काही विचारत नाही. सगळं तिच्याबद्दल बोलतात, तिच्यासमोर, पण तिला नाही. कुंदाला इथे बसवा. कुंदाला चहा द्या. कुंदाने आता असं करायचं, तसं करायचं. आई रडली पण नाही. मी रडून रडून आजारी पडायची बाकी होते आणि आई कोरडी. आणि ती पेटी समोर फळीवर. मला बघवत नव्हती. लुगड्याच्या आतून ती माझ्याकडे बघतेय असं वाटायचं, म्हणजे खरंच वाटायचं, मी त्या बाजूला पाठ करून बसायचे.

आमच्याकडे तेराव्याचं दान भाच्याला देतात. गेलेल्या माणसाला तिथे लागेल ते सगळं द्यायचं. गादी, उशी, छत्री, चप्पल, तांब्या, ताट, बॅटरी, पांघरूण. भाच्याला जे दिलं ते तिकडे पोचतं, असं. आबांचा भाचा गोपाल, दगडीआत्याचा मुलगा, दीपनगरला असतो, औष्णिक केंद्रात कंत्राटी कामाला. तो पाटावर बसला, समोर हे सगळं मांडलं. हितेंद्रचं मुंडण केलेलं, तो महाराज सांगतील तसं पाणी सोडत होता. मग महाराजांनी विचारलं, "गेलेल्याच्या खास आवडीचं काही राहिलं का?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. एक काका म्हणाले, तंबाखूची डबी द्या, त्याच्याबिगर त्याचं पान हलत नव्हतं. दुसरे म्हणाले, मोबाईल द्या, तो फोन करीन तिकडून. चार जण हसले. वाईट हेतूने नाही, तेराव्याला माणसं जरा मोकळी होतातच. पण मला डोक्यात सणक गेली. सव्वीस वर्षं या माणसाने तुमच्या सगळ्यांच्या बापांना पेटी वाजवून पोचवलं आणि तुम्हाला त्याची तंबाखू आठवते? मी उभी राहिले. ओरडलेच.

"पेटी! आबांना पेटी आवडायची! पेटी द्या!"

मग महाराज म्हणाले, "वा पोरी. बोललीस ते योग्य बोललीस." बायका डोळे पुसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, पाहा, लेकीलेच कळला बाप. आणि मला, खोटं नाही सांगत, त्या क्षणी बरं वाटलं. अभिमान वाटला. मी स्वतः जाऊन फळीवरून पेटी काढली आणि गोपालदादासमोर ठेवली.

तेव्हा आईकडे नजर गेली. तिचा हात पदरातून बाहेर आला होता, पेटीच्या दिशेने, इतकासा. मग तिने तो परत आत घेतला.

तिथे कळलं मला. पेटी आबांची नव्हतीच. बसमध्ये मांडीवर घेऊन कोणी आणली होती? शंभर वेळा ऐकलेली गोष्ट, आणि मांडवात उभं राहून ओरडताना मला तिच्यातली एक ओळ आठवली नाही. पण गोपालदादाने पाणी घेऊन दान स्वीकारलं होतं. शब्द तोंडातून गेला होता.

रात्री भांडी घासताना मी आईला म्हटलं, "आई, चुकलं माझं." आई म्हणाली, "दिधं ते दिधं." बस.

परीक्षा होती म्हणून मी जळगावला गेले, एप्रिलमध्ये परत आले. चार दिवस होते घरी. चारही दिवस बघितलं, संध्याकाळी दिवा लावला की आई एक ओलं फडकं घेते आणि ती फळी पुसते. रिकामी. धूळ पण नसते तिच्यावर. पुसते, फडकं पिळते, वाळत टाकते आणि स्वयंपाकाला लागते. पाचव्या दिवशी सकाळी मी आईला म्हटलं, मैत्रिणीकडे जाऊन येते. आणि भुसावळची बस पकडली. भुसावळहून रिक्षाने दीपनगर.

गोपालदादाने दार उघडलं. डबल ड्युटी करून आलेला, केसांत राख. "अरे वा, मॅडम! फोन न करता? हॉस्टेलमधून हाकलली का?"

"दादा, मला पेटी परत पाहिजे."

त्याचं हसू गेलं. आतून दगडीआत्या आली. ती आबांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, त्यांची आई लवकर गेली म्हणून आबांना तिनेच वाढवलं. "काय म्हणते व ही?"

"आत्या, ती आईची होती. मला भान नव्हतं. मी चुकून दिली."

"दान चुकून नसते देत," आत्या म्हणाली. "देल्लं की देल्लं."

"मग दुसरी घेऊन देते दादाला. नवीन."

"नवीन गोपालले कायले? त्याले वाजवता येती का? तुले काय वाटलं, आमी हौसेनं ठेवली?" तिने माझा हात धरला आणि आतल्या खोलीत नेलं.

स्टुलावर पेटी होती. लुगडं घडी करून खाली घातलेलं. वर झेंडूची माळ, पुढे निरांजन.

"सांजच्याले दिवा लावते," आत्या म्हणाली. "आन् सांगते त्याले, वाजव रे लीला, आता थकला तू, बस आन् वाजव. लहानपणी ताटली वाजवे तो. घरात पीठ नई आन् हा ताटलीवर ठेका धरे. एक दिवस म्या उलथनं मारलं त्याच्या बोटावर. रगत आलं. तवापासून माह्यासमोर कधी वाजवलं नई त्यानं. सासरी जाईपर्यंत नई, मंग बी नई. आता तो वाजवते तठी, वरती. तू ही उचलून नेती, तर तठी काय त्याले रिकाम्या हातानं बसवती?"

मला या गोष्टींवर विश्वास नाही. मी सायन्सला आहे. मला माहीत आहे की कुठे काही पोचत नाही. पण त्या खोलीत मला नाही म्हणता आलं नाही. मी खाली बसले, माळ बाजूला केली, भाता थोडा ओढला आणि सा दाबला. आवाज आला. जरा घोगरा, भाता कोरडा झाल्यामुळे असेल. आत्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि असं रडली की शेजारीण विचारायला आली.

निघताना गोपालदादा रिक्षापर्यंत आला. हळूच म्हणाला, "परवा आई भुसावळला लग्नाला जाणार आहे. मी गाडीवर आणून देतो. तिला सांगतो, रिपेअरला दिली."

"नको दादा."

"मग कायले आली होती?"

"राहू दे तिथेच," म्हटलं. "पावसाळ्यात ओल लागू देऊ नको, सांग आत्याला."

घरी आले तेव्हा आई परातीत पीठ घेत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मैत्रिणीकडून आलेला चेहरा कसा असतो ते आयांना कळतं.

"कोठे गयी व्हती?"

"दीपनगरला."

आईचा हात थांबला. "कायले?"

"पेटी आणायला."

"आणी?" आई उठूनच उभी राहिली. घाबरली होती. "आणी नही ना तू?"

"नाही. आत्या म्हणाली, आबांना तिकडे..."

"बरं करं," आई म्हणाली आणि परत बसली. "बरं करं माय. नही तर तुना आबा काय वाजवतीन तठे?"

मला कळेचना. मी म्हटलं, "मग तू ती फळी का पुसतेस रोज? मला वाटलं तुला पेटी पाहिजे म्हणून. तुझीच होती ना?"

आईने परातीतलं पीठ हाताने सारखं केलं. मग बोलायला लागली, हळूहळू, माझ्याशी बोलत नसल्यासारखी.

"पेटी नको व्हती माले. माले कोणी इचारं नही. तेरा दिन बठ्ठा गाव घरमा, कोणी इचारं नही, कुंदा, तुले काय वाटस. तू बी नही. देताना बी नही इचारं, आणाले गयी तवय बी नही इचारं." थांबली. "इचारती तर मी काय नही म्हणती व्हती का? मीच देती. मना बापनी पेटी, मना नवराले, मना हाते. ते बी तूच दी टाकं."

मी "सॉरी" म्हटलं. आईने पिठात पाणी घातलं आणि मळायला लागली. मळता मळता रडायला लागली, आबा गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज न करता, खांदे नुसते हलत होते. मी जवळ गेले, मागून धरायला, तर तिने मला कोपराने बाजूला सारलं. हात पिठाचे होते म्हणून असेल. की रागाने, ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.